वाकळीतली सुई

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. ती एका सुईनं हलवली, हे सांगताना आजही संकोच वाटतो. लोकांच्या श्रद्धेची परीक्षा मोठ्या आजारात, मोठ्या संकटात होते. माझी झाली मुरुम गावातल्या आमच्या घरात, पडवीत अंथरलेल्या वाकळीवर. वाकळ म्हणजे शहरातली माणसं जिला गोधडी म्हणतात ती.

माझी लेक वैशाली बँकेत नोकरीला आहे. तिची बदली पार हिमाचलात झाली. ही पोर कधी कुणाकडं काही मागणारी नव्हे. सणाला काय पाठवू विचारलं तरी "काही नको" एवढंच उत्तर. आणि एके दिवशी फोनवर म्हणाली, "आई, इथं रजई आहे, हीटर आहे, सगळं आहे. पण झोप लागंना गं. मला तुझ्या हातची वाकळ दे." फोन ठेवला आणि मी डोळे पुसत पुसतच पेटी उघडली. सासूबाईंची इरकली लुगडी, आमच्या मालकांची धोतरं, वैशालीचे शाळेतले फ्रॉक, माझी जुनी झंपरं, हाताला लागेल ते बाहेर काढलं. ती शनिवारी दोन दिवसांसाठी येणार होती. तोवर वाकळ व्हायलाच हवी होती.

टाके घालून बोटं सुजली, पण वाकळ मोठी देखणी झाली. शेवटच्या कडेला आले आणि चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला. सुई तशीच वाकळीत खोचून मी धावले. परत येऊन बघते तर दोरा होता, सुई नव्हती. तुटक्या दोऱ्याचं टोक तेवढं माझ्याकडं बघत होतं.

सुई खाली पडली असती तर चिंता नव्हती. पण ती वाकळीत शिरली असली तर? माझी लेक त्या थंडीत वाकळ गुंडाळून निजणार आणि मध्येच ती सुई... पुढचा विचार करवेना. मी तळहातानं सगळी वाकळ चाचपली. शेजारच्या शकूवहिनी आल्या, त्यांनीही चाचपली आणि वर म्हणाल्या, "एवढे टाके उसवायचे म्हटलं तर शनिवार काय, दिवाळी उजाडंल." मालकांनी जुन्या रेडिओतलं लोहचुंबक काढून आणलं. ते वाकळीवरून फिरवलं की टक् करून चिकटायचं. मी आनंदानं तिथले टाके उसवायची, तर आतून निघायचा माझ्या झंपराचा हूक. घाईत काढायचे राहिलेले सगळे हूक त्या दिवशी सापडले. सुई काही सापडली नाही.

शेवटी मालक म्हणाले, "सरक बाजूला. म्या लोळून बघतो. असली तर टोचंलच की." ते वाकळीवर आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर झाले, आणि घोरू लागले. आता या माणसाला सुई टोचली नाही म्हणावं, की टोचूनही जाग आली नाही म्हणावं? उठल्यावर म्हणाले, "न्हाय त्यात सुई. लई झ्याक झोप लागली." माझी शंका होती तिथंच राहिली.

मग मी देवीशी भांडले. आई, तुला जग दिसतं आणि एक सुई दिसत नाही? एवढ्या वर्षांत तुझ्याकडं काही मोठं मागितलं नाही, आणि या एवढ्याशा गोष्टीला तू गप्प बसतेस? आहे की नाही, तेवढं तरी सांग! हा प्रश्न सुईबद्दलचा होता, पण विचारल्यावर वाटलं, आपण दुसरंच काहीतरी विचारून बसलो. जीभ चावली. शुक्रवारी सकाळी वाकळ चादरीत बांधली आणि तुळजापूरची एसटी धरली. तिच्या नजरेखालून वाकळ घालायची, पुढं तिची मर्जी.

गाडी खचाखच भरलेली होती. मला कशीबशी जागा मिळाली, गाठोडं पायाशी ठेवलं. वाटेत एक आराधी बाई चढल्या. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि देह चांगला ऐसपैस. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि थेट माझ्या गाठोड्यावर बसायला लागल्या.

"मावशी, नका हो बसू," मी घाबरून म्हणाले, "त्यात सुई असंल."

"असू दे की माय," त्या टेकत म्हणाल्या, "सुईला भ्यायलं तर लुगडं कशाला नेसायचं?"

मी दुसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात गाडी नळदुर्गाजवळ एका खड्ड्यात आदळली. सगळे उडाले. मावशी मात्र खाली आल्याच नाहीत. त्या ताठ उभ्या राहिल्या, परडी वर गेली, आणि टिपेच्या आवाजात त्यांनी आरोळी ठोकली, "आई राजा उदो उदो!"

"उदो उदो!" अख्खी गाडी गरजली.

अंगात आलं, अंगात आलं, अशी कुजबुज झाली. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. कुणीतरी पायावर हळदकुंकू टाकलं. एक म्हातारबाबा हात जोडून पुढं आले, "आई, लेकरांचं काय चुकलं? आन् माझी हरवल्याली म्हैस कवा येईल तेवढं सांग."

"आरं मुडद्यांनो," मावशी कळवळून ओरडल्या, "अंगात न्हाय आलं! सुई घुसली, सुई!"

मी धडपडत उठले. त्यांच्या लुगड्याला अडकलेली सुई लकाकत होती. ती उपसून हातात घेतली आणि मला हुंदकाच फुटला. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यामुळं गाडीतल्यांची उरलीसुरली शंकाही फिटली आणि पुन्हा एकदा उदो उदो झाला.

मी रडत रडत सगळी हकिगत सांगितली. मावशींनी दुखरी जागा चोळत ऐकून घेतली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्या म्हणाल्या, "रडू नगं माय. तुझ्या लेकीच्या वाटचं व्हतं, ते मला टोचलं. झालं की काम." आणि पुन्हा गाठोड्यावर बसून म्हणाल्या, "आता कसं निवांत बसता येतं."

तुळजापूरला उतरून मी त्यांना चहा पाजला. त्या लंगडत आपल्या वाटेनं गेल्या, मी रांगेला लागले. देवीसमोर आले तेव्हा मागायचं काही सुचेना. नुसती बघत राहिले. पाठीमागून "चला, चला" झालं आणि मी पुढं सरकले.

ही घटना योगायोगाची, असं कुणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की बोटं झिजेस्तोवर मी शोधत होते तोवर ती सापडली नाही, आणि हात टेकून निघाले तेव्हा वाटेत सापडली, तीही परक्या माणसाला दुखवून. वैशाली आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती वाकळ तोंडावर घेऊन इतकी हसली की शेवटी वाकळीतूनच रडण्याचा आवाज आला. मी थोपटत बसले. त्या दिवशी ती दिवसाउजेडी गाढ झोपली.

लेकीला कधी काही टोचू नये, असं मी आजवर मागत आले. आता तसं मागत नाही. एवढ्या लांब राहणाऱ्या लेकराला टोचणारच. तिकडं तिच्या शेजारी कुणीतरी असू दे, एवढंच म्हणते. आणि दिवा लावून झाला की पुटपुटते, आई, त्या मावशींना गाडीत चढल्या चढल्या बसायला जागा दे. मऊशी दे.