खंडेनवमीची सुई

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर पणजोबांची तलवार मांडतात आणि तिच्याशेजारी आजोबांची वाकडी सुई. तलवारीला झेंडूचं एक फूल, सुईला दोन. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. पूजेत प्रश्न विचारला की आमच्याकडे पाठीत धपाटा बसायचा.

आजोबा हवाई दलाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले हवाई शिपाई. तेव्हा विमानाच्या पंखांवर कापड ताणून शिवत, ते काम त्यांचं. स्वतः ते कधी विमानात बसले नाहीत.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी खासगी बाजार या आमच्या पेठेतल्या मंडळाने जुन्या फौजी घराण्यांचा सत्कार ठेवला. शाल घेणार आजोबांची लेक, म्हणजे माझी आत्या. नव्वदीला टेकलीय, पण नजर शाबूत. फूलबागेपाशी फ्लेक्स लागला. मला या फ्लेक्सचा मुळात तिटकारा, त्यात आजोबांच्या डोळ्यांवर चक्क पायलटचा चष्मा चढवलेला आणि खाली ‘शूर वैमानिक’. आत्या म्हणाली, "हे काढा, नाहीतर मी येत नाही."

मंडळाचे सेक्रेटरी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, थाटीपुरहून धावत आले. "आत्याबाई, एअरफोर्स म्हटलं की पायलटच ना. सुई-धागा सांगितला तर लोग क्या समझेंगे?"

चष्म्याने कुणाचं काय बिघडतंय, असं मीही बोलून गेलो.

"बिघडतं," आत्या म्हणाली. "बाबांनी शिवलेलं विमान घेऊन एक पोरगा गेला, तो परत आला नाही. इंजिन बंद पडलं होतं. पंखाचा टाकासुद्धा उसवला नव्हता, सगळ्यांनी बघितलं. तरी बाबांनी जन्मभर त्याच्या नावाने सुईला दुसरं फूल वाहिलं. वैमानिक तो होता. त्याची जागा माझ्या बापाला देऊ नका."

सेक्रेटरींनी फ्लेक्स उतरवला. कार्यक्रमात त्यांनी ‘हवाई शिपाई, पंख शिवणारे’ असं नीट सांगितलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. आत्याने शाल घेतली आणि घरी आली.

नवमीला सकाळी तिने ती शाल घडी करून पाटावर ठेवली आणि वर सुई. "बाबांची आहे, त्यांनाच," म्हणाली. मग फुलांची परडी माझ्यापुढे सरकवली.

मी एक फूल आजोबांना वाहिलं. दुसरं ठेवताना त्या पोराचं नाव विचारलं, तर ते आत्यालाही ठाऊक नव्हतं.