फोडणीविना घर

भोकरदनजवळच्या त्या गावात बेबीनंदा बारा वर्षांपासून आशाताई. गोवर शोधायला कागद नव्हे, नाक लागतं, असं ती म्हणायची. पोराला गोवर निघाला की दारावर लिंबाचा डहाळा लावायचा आणि घरात फोडणी द्यायची नाही, ही गावाची रीत. यंदा तालुक्याहून तपासणीचं पथक यायला लागलं अन् लोक शहाणे झाले. डहाळे काढून टाकले! "आमच्यात कोणी आजारी न्हाई," तोंड वर करून सांगायचे. फोडणी मात्र कोणी देईना. देवीची भीती खरी, बेबीनंदाची कसली? मग ती ऐन जेवणाच्या वेळी गल्लीत हिंडायची. जिथं लसणाचा वास नाही, तिथं हटकून पोर तापानं निजलेलं.

त्या दिवशी आसराबाईच्या दारात तिनं अर्धा तास डोकं फोडलं.

"अंगावर पुरळ दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागतो हा! नातवाला घरातच ठेवा. धाकटीला लस द्या."

"देवी घरात असताना सुई? कोप झाला तर तू निस्तरशील का?"

"मीच निस्तरून राह्यले ना! दुसरं कोण येतंय?"

आसराबाईनं दार लावून घेतलं. कपाळ माझं, असं पुटपुटत बेबीनंदा घरी आली. सून मोनिकानं ताट वाढलं. वरण पांढरंफटक. ना मोहरी, ना लसूण.

"फोडणी?"

"जल्दी होती, राहून गेली."

बेबीनंदाचा हात ताटातच थांबला. "वरद कुठाय?"

दहा महिन्यांचा नातू आत निजला होता. कपाळ तव्यासारखं तापलेलं, कानामागून गालावर लाल पुरळ. उशीखाली लिंबाचा पाला.

"माझ्यापासून लपवलंस? बिलकुल अक्कल न्हाई का तुला?"

मोनिका रडायला लागली. "लसीच्या दिवशी मी घेऊन आल्ते ना त्याला? तुम्हीच म्हणाल्या, आपलंच पोर हाय, पुढच्या खेपेला देऊ."

म्हणाली होती. मिनतवाऱ्या करून आणलेली लोकांची पोरं रडत होती, आया निघून जातील म्हणून तिनं त्यांना पुढं घेतलं होतं. आता चिडायचं तरी कोणावर? काल तर गल्लीतल्या पोरींनी वरदला दिवसभर कडेवर फिरवलं होतं.

तिनं आरोग्य केंद्राला फोन लावला. "डॉक्टरसाहेब, लवकर या. अजून एक घर सापडलंय."

"कोणाचं?"

"माझं."