मानेवरची जांभळी चौकट

शाळेची पायरी मी चढलो ती फक्त पावसात भिजू नये म्हणून. लिहिता येत नाय, पण हात चालतो. पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के रंगवायचो. कुणाचा गोल, कुणाचा बदाम, कुणाचा त्रिशूळ. दिवसभर ब्रश आणि तोंड दोन्ही चालू. तोंडात बिडी, ती वेगळीच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा आवाज बसला. बाजारात सगळे खूश. मुकादम म्हणाला, "देवानं ऐकलं." मग नाशकात दाखवलं तर घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, "बिडीनं झालंय." मी म्हणलं, "साहेब, बिडीला बिचारीला कशाला? बडबड करून घसा झिजला असंल." डॉक्टर हसले नायत. तेव्हा कळलं, प्रकरण मोठं हाय.

मग शेक सुरू झाला. कोबाल्टच्या किरणांचं मशीन होतं ते, पण तिथं सगळे शेकच म्हणायचे. मला वाटलं वाळूच्या पुरचुंडीसारखं गरम लागंल. कशाचा काय! पहिल्या दिवशी उठून विचारलं, "भाऊ, मशीन चालू केलं होतं ना?" शेक देणारा भाऊ म्हणाला, "उद्या आला की सांगतो."

डॉक्टरांनी मानेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या शाईनं चौकट काढली आणि आमच्या मंडळींना दम भरला. मला नाय, तिला. माणसं ओळखता येत होती त्यांना. "ही चौकट म्हणजे मशीनचा नेम. पुसायची नाही. मानेला पाणी नाही. आणि एक दिवस खाडा नको, गाठ पुन्हा डोकं वर काढील." गंगापूर रोडला मेहुण्याच्या खोलीवर राहून आम्ही रोज जायचो. बायको माझ्या मानेकडं असं बघायची, जसं लग्नात तोंडाकडंसुद्धा बघितलं नव्हतं.

तेवढ्यात डोळ्यांची साथ आली. अख्ख्या देशात आली म्हणे, रेडिओ रोज सांगायचा. निम्मं नाशिक लाल डोळ्यांचं आणि उरलेलं निम्मं काळ्या गॉगलचं. नुसतं डोळ्यात बघितलं तरी लागण होते, असं सगळ्यांचं ठाम मत. रविवार कारंजावर भाजीवाली गॉगल लावून वांगी विकायची आणि गिऱ्हाईक गॉगल लावून किडकी घ्यायचं.

दवाखान्यात हुकूम निघाला, डोळे आलेल्याला आत घ्यायचं नाय. बरा झाल्यावर या.

आणि त्याच रात्री माझे डोळे आले. सकाळी पापण्या अशा चिकटल्या की मला वाटलं मी मेलोच. ओरडलो. बायको घाबरून निंबाच्या पाल्याचं कोमट पाणी घेऊन आली. डोळे धुतले, तोंड धुतलं, आणि पाणी ओघळलं म्हणून पदरानं मान खसाखसा पुसली. डोळे उघडले तर तिच्या पदराला जांभळा डाग.

ती मटकन खालीच बसली. "काय करून बसले मी!"

मी म्हणलं, "रडती कशाला? उभा जन्म गोण्या रंगवल्या. एक मान नाय रंगवता येणार?"

मेहुण्याच्या घरातली शाईची दौत घेतली, काडीला कापूस गुंडाळला आणि आरशासमोर बसलो. डोळ्यांतून पाणी, समोर धुकं. दोन्ही बाजूंना झोकात चौकटी काढल्या. बायको म्हणाली, "जरा वर वाटती हो." मी म्हणलं, "तू डॉक्टर का मी?" दोघंही नव्हतो.

मेहुण्याचा गॉगल लावून बायकोसंगं दवाखान्याच्या फाटकावर गेलो. वॉचमन म्हणाला, "गॉगल काढा."

"तुम्ही काढा आधी, दादा."

"मी ड्युटीवर हाय."

"मी बी आजारी हाय, माझी बी ड्युटीच."

त्यानं इकडं तिकडं बघून गॉगल खाली सरकवला. त्याचे डोळे डाळिंबाचे दाणे! मी माझे दाखवले. तो हळूच म्हणाला, "जा आत. मान खाली घालून जा."

आत शेक देणारा भाऊ चार हात लांबून, काठीनं दाखवत होता, इथं झोपा, डोकं असं. साथीमुळं कुणी कुणाच्या जवळ जात नव्हतं. त्यानं मशीन माझ्या चौकटीवर आणलं. "बोलायचं नाय, हलायचं नाय, थुंकी गिळायची नाय."

मला म्हाईत होतं, चौकट माझी हाय. पण बोललो तर डोळे उघडे पडणार, हाकलणार, खाडा होणार. जन्मभर नको तिथं बोललो आणि जिथं बोलायला पायजे तिथं शहाण्यासारखा गप्प पडलो. जड दार सरकायला लागलं.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "थांबा! आवं भाऊ, बंद नका करू! ती चौकट खरी नाय. मी पुसली, यांनी काढली! यांचे डोळे बी आलेत!"

मनात म्हणलं, झालं. बाईनं सगळंच सांगून टाकलं, आता फक्त माझं वय राहिलं.

डॉक्टर आले. लांब उभे राहिले नायत. गॉगल कपाळावर सारला, माझ्यावर वाकले आणि बोटांनी मान चाचपली. त्यांचे पण डोळे लाल होते. "दोन बोटं वर काढलीस," म्हणाले. "आज सगळा शेक जबड्याला बसला असता आणि गाठ मजेत राहिली असती."

मी म्हणलं, "साहेब, जबड्याचाच त्रास हाय सगळ्यांना."

"गप्प." त्यांनी चौकट पुसली, टेप लावून नवी काढली आणि बाहेर जाऊन मोठ्यानं सांगितलं, "खाडा कुणाचाच करायचा नाही. ज्यांचे डोळे आलेत त्यांनी शेवटी बसा."

अख्खं बाकडं उठलं. एकाएकाचे गॉगल उतरले. पहिल्या नंबरला एक म्हातारी तेवढी राहिली, आणि ती म्हणाली, "मला तर बाई मोतीबिंदू हाय, लाल का पांढरं मलाच दिसत नाय."

माझा नंबर दुपार टळल्यावर लागला. दार सरकलं. त्या वेळी मात्र मी खरंच गप्प होतो, थुंकीसुद्धा गिळली नाय. बाहेर बायको भाऊला विचारत होती, "बरोबर लागलं का आता? नीट बघा हो, परत बघा."