शांतव्वानं दिलेली किल्ली

शांतव्वाला लबाडी कळत नव्हती, असं कुणी समजू नये. खवट शेंगदाणे गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला भर बाजारात आडवा घेणारी बाई ती. मंगळवार पेठेत घरमालकीण चिमणाबाईच्या घराला लागून दोन पत्र्याच्या खोल्या, त्या भाड्याच्या खोल्यांत तिनं उभा जन्म काढला. नवरा बसलिंगाप्पा कधीच गेला, लेकरूबाळ नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकायची, त्यावर पोट. गिऱ्हाइकं थेट दारात यायची. खोल्या गेल्या की घर गेलं आणि धंदाही गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच चिमणाबाईचा लेक राजवीर एक दिवस दारात येऊन म्हणाला, की तुमचं भाडं संपलं, इथं इमारत बांधायचीय, महिन्याभरात मोकळं करा, तेव्हा ती रडत बसली नाही. पदर खोचला आणि सरळ वकीलबाई अदितींकडं गेली. अदितींनी तिला फोड करून सांगितलं. मालकानं संपलं म्हटलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडं वेळेवर देत राहा. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही, पाणी-वीज तोडू शकत नाही. फक्त ताबा सोडायचा नाही आणि न विचारता कुठं सही करायची नाही.

झालं! म्हातारीच्या अंगात बळ आलं. राजवीरनं नळ बंद केला, तर तिनं पोलीस चौकी गाठून तो चालू करून घेतला. गल्लीत सगळे म्हणायला लागले, शांतव्वा लय भारी हाय.

आणि एवढ्या भांडणातही तिचं आणि चिमणाबाईचं बोलणं तुटलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. ती चिमणाबाईला आक्का म्हणायची. राजवीर लहानपणी अर्धा वेळ तिच्याच मांडीवर. आक्काचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला न्हाऊमाखू घातलं ते शांतव्वानं, सुनेला त्या वासानं मळमळायचं म्हणे. पोरगं माझं ऐकत न्हाय, तू मनावर घेऊ नगंस, असं आक्का दर दोन दिवसांनी सांगायची. शांतव्वानं खरंच घेतलं नाही.

मग गडहिंग्लजकडच्या माहेराहून फोन आला. थोरला भाऊ गेला होता. शांतव्वानं पिशवी भरली, कुलूप घातलं आणि वळली, तर आक्का समोरच. आजवर माहेरी जाताना किल्ली आक्काच्या हातात ठेवल्याशिवाय ती गल्लीच्या बाहेर पडली नव्हती. वकीलबाईंचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं की! पण आक्का डोळ्याला पदर लावून उभी. तिच्या देखत किल्ली कनवटीला लावायची, म्हणजे तू चोर आहेस असं तिच्या तोंडावर सांगायचं. शांतव्वाच्यानं ते झालं नाही. तिनं किल्ली दिली.

भावाचे दिवस उरकून ती परत आली, तेव्हा पत्रे काढलेले, दाराची चौकट उपटलेली. तिचा तवा, परात, चटणीची बरणी, बसवण्णांची तसबीर, सगळं बोळात ताडपत्रीखाली. अरे, निदान देव तरी नीट ठेवायचा की रं! पोलीस आले. हवालदारानं विचारलं, कुलूप कुणी उघडलं? राजवीर आईकडं बघत राहिला.

आक्का खाली बघून म्हणाली, "तिनंच किल्ली दिली, साहेब. खोल्या सोडून जाते म्हणून."

किल्ली शांतव्वानंच दिली होती, ते काय खोटं होतं?

वकीलबाई आधी चिडल्या, मग शांत झाल्या. अजून काही गेलेलं नाही, म्हणाल्या. तुम्हाला बेकायदा बाहेर काढलंय. सहा महिन्यांच्या आत दावा लावू, ताबा परत मिळेल. गल्ली साक्षीला आहे. फक्त तुम्हाला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल, की चिमणाबाई खोटं बोलली. त्यांनी कागद पुढं सरकवला. सोबत आलेली कबनूरची भाची वर्षाराणी म्हणाली, आत्या, कर सही, सोडू नगंस त्यास्नी.

शांतव्वानं पेन घेतलं. कागदावर टेकवलं आणि तसंच खाली ठेवलं.

"खोली मिळंल वो, बाई. तुमी मिळवून द्याल. पण भिंतीपल्याड आक्काच असणार की. रातीला ती खोकली तर मी उठायचं का न्हाय, ते कोर्ट सांगंल व्हय?"

वकीलबाईंनी दोनदा समजावलं, भाचीनं हात जोडले. सही झाली नाही ती नाहीच. भाची तिला कबनूरला आपल्या घरी घेऊन निघाली, आणि वकीलबाईंच्या ऑफिसचा जिना उतरताना शांतव्वा मधल्याच पायरीवर बसून रडली. भावाच्या मढ्यावरसुद्धा ती एवढी रडली नव्हती.