तीन प्रश्न आणि नानांचं कासव

कुठला पदार्थ किती साचतो हे तपासायचं आमच्या लोणंदच्या प्रयोगशाळेचं काम. मी तिथला मदतनीस. इतक्या वर्षांत तिथे सगळ्यात जास्त साचले ते किस्से. त्यातले हे काही एकाच पिंपाचे.

साबणाच्या कारखान्याकडे जाणारं फॅटी ॲसिडचं पिंप टेम्पोतून घसरलं आणि आतला तेलकट माल तुकानानांच्या विहिरीत गेला. विहिरीत नानांच्या वडिलांनी सोडलेलं कासव होतं. त्या दिवसापासून ते वर आलं नव्हतं.

"मेलं असंल तर तसं सांगा," नाना आमच्याकडे येऊन म्हणाले. "पर अंदाजानं सांगू नगा."

आमच्या मगदूमसाहेबांनी त्यांना तीन प्रश्न समजावले. हे ॲसिड पाण्यात टिकून राहतं का, जिवांच्या अंगात साचतं का, आणि विषारी आहे का. उत्तराला चार आठवडे लागणार होते.

*

टिकतं का हे बघायला ते जंतूंपुढे ठेवायचं. त्यांनी खाल्लं तर टिकत नाही. त्या जंतूंसाठी साहेबांनी मला फलटणहून सांडपाण्याचा गाळ आणायला पाठवलं. येताना एसटीत कॅनचं झाकण सैल झालं. माझ्या आजूबाजूची बाकडी रिकामी झाली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"काय हाय त्यात?"

"जंतू. प्रयोगासाठी."

"मेल्यालं?"

"नाही, जिवंतच लागतात."

त्याने शांतपणे तिकिटाचं मशीन पुढे घेतलं. "कोंबडीचं बी घेतो आमी. किती जण हायेत?"

*

विषारी आहे का, हे माशांवर बघतात. साहेब सांगलीकडचे जैन. टाकीत मासे सोडताना ते डोळे मिटून घ्यायचे. ही चाचणी चालू असताना माशांना खायला द्यायचं नसतं. एका सकाळी बघतो तर टाकीत चपातीचे तुकडे तरंगताहेत.

झाडलोट करणाऱ्या पारूमावशींनी काही लपवलं नाही. "चतुर्थी माझी हुती. त्यांनी का उपाशी ऱ्हायचं?"

"मावशी, चाचणी वाया गेली. नाना तिकडे वाट बघताहेत," साहेब आवाज न चढवता म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून. आणि यापुढे इथे कुणी कुणाला खायला-प्यायला घालायचं नाही."

अकरा वाजता साहेबांनी चहाची चौकशी केली.

मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "घालायचं न्हाई म्हनलायसा न्हवं?"

*

नाना दर बाजाराच्या दिवशी चक्कर टाकायचे. एकदा साहेब त्यांना साचण्याचं समजावत होते. "हे तेलात विरघळतं, म्हणून कागदावरचं गणित म्हणतं की अंगात साचेल. पण नाना, आपल्या खायच्या तेलातही हेच असतं. शरीर ते पचवून टाकतं."

नाना साहेबांच्या पोटाकडे बघत होते. "मग सायब, ह्ये काय साचलंय?"

साहेबांनी शर्ट खाली ओढला. "हे घरच्या तुपाचं. त्याची चाचणी आपण घेत नाही."

*

रिपोर्ट झाला. जंतूंनी ॲसिड खाऊन टाकलं होतं, दुसऱ्या खेपेचे मासे तगले होते. साहेब, मावशी आणि मी तो घेऊन विहिरीवर गेलो. पाण्यावरचा तवंगही गेला होता. साहेबांनी वाचून दाखवलं. टिकत नाही, साचत नाही, विहिरीत गेलं तेवढ्याने विषबाधा होत नाही.

"तीनदा न्हाई झालं," नाना म्हणाले. "कासव हाय का, ह्ये कुठं लिवलंय?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. ती पुन्हा उलगडली.

मग मावशींनी आपला डबा उघडला, चपाती हातात घेतली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब पाण्याकडे बघत होते. मावशींनी एक तुकडा टाकला. थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही तरंगत राहिले.

पलीकडच्या कपारीपाशी पाणी हललं. एक काळं डोकं वर आलं, तुकडा ओढून खाली गेलं.

नाना पायरीवर खाली बसले. मावशी घाईघाईने डबा झाकायला लागल्या.

साहेबांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि मावशींपुढे धरला.

"ही तुपातली आहे," ते म्हणाले. "बघा, त्याला चालते का."