आईने पुढे टाकलेले चेंडू

चेंडू गालावर बसला तेव्हा दुखलं नाही. आधी आवाज आला, आणि तो माझ्या डोक्याच्या आतून आला. हेल्मेटची पुढची कड आणि जाळी यांच्यामधल्या फटीतून चेंडू घुसला होता. परक्या देशातलं मैदान, अंगावर भारताची जर्सी, आणि मी गुडघ्यांवर बसून ग्लव्हजवर ठिबकणारं रक्त बघत होते. गालाचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता खुशाल खेळा." खुशाल म्हणे! त्यांचं काय जातंय म्हणायला?

कर्वेनगरला घरी आले तेव्हा मी पुरती भेदरलेली होते, आणि ते कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. पुढच्या दौऱ्याचा संघ निवडण्याआधी वाघोलीजवळच्या एका मैदानावर सराव सामना होणार होता. निवड समिती बघायला येणार होती. तिथे चेंडू बघून एकदा जरी तोंड फिरवलं असतं, तरी संपलं. आखूड टप्प्याच्या, तोंडाकडे उसळणाऱ्या चेंडूला घाबरणारी बॅटर ही बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि मग जी ती तुमच्या तोंडावरच टाकते. शाळेत असल्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. साधा वरणभात लावला तरी करपतो माझा. क्रिकेट गेलं असतं तर मी करणार काय होते?

आमच्याकडे पेपरवाला खालूनच पेपरची गुंडाळी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत फेकतो. वर्षानुवर्षं फेकतोय बिचारा. एका सकाळी मी तिथे चहा घेत उभी होते. गुंडाळी वर आली आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन खाली बसले. चहा सगळा अंगावर. मागे आई उभी होती. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे लपवायचं तरी कुठे? फडकं आणून तिने फरशी पुसली आणि म्हणाली, "बॅट घे. खाली चल."

खाली म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी लहान असताना आई सदाशिव पेठेतल्या बँकेतून दमून यायची, पदर खोचायची आणि गेटापाशी उभी राहून मला चेंडू टाकायची. भिंतीला चेंडू लागून आवाज नको म्हणून माझ्यामागे तिने एक जुनी गादी बांधली होती. आता ती निवृत्त झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण हात अजून सरळ होता. तीच गादी पुन्हा बांधली आणि रोज सकाळी आमचं सुरू झालं.

आणि काय सांगू, चेंडू बॅटवर असा यायला लागला की ज्याचं नाव ते! ड्राइव्हमागून ड्राइव्ह. खालच्या मजल्यावरचे काका स्वतःची गाडी बाहेर काढून ठेवायचे आणि वर म्हणायचे, "देशासाठी नाही, काचेसाठी काढतोय." मी हसायला लागले होते. मला वाटलं, गेली भीती. आईलाही तसंच वाटलं. त्या दिवशी तिने शिरा केला.

मग माझ्या कोच सरांकडे नेटमध्ये गेले. चेंडू जोरात फेकायची जी लांब दांडी असते, ती सरांनी उचलली आणि पहिलाच चेंडू आखूड टाकला. माझे डोळे गच्च मिटले, मान वळली, बॅट कुठेतरी हवेत. चेंडू कानाजवळून गेला आणि माझी पाचावर धारण बसली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"डोळ्यात घाम गेला, सर."

"या थंडीत?" एवढंच म्हणून ते दुसरा चेंडू शोधायला लागले.

स्कूटर काढून मी घरी निघाले. आणि तेव्हा लक्षात आलं. इतक्या दिवसांत आईने एकही चेंडू आखूड टाकला नव्हता. सगळे पुढे, पायांजवळ, मारायला सोपे. चेंडू गालापर्यंत येईल असं काही तिने होऊच दिलं नव्हतं आणि आम्ही दोघी शिरा खात बसलो होतो.

घरात शिरले तीच ओरडत. "तू मला फसवत होतीस! सामना चार दिवसांवर आलाय आणि तू मला लहान मुलीसारखे चेंडू टाकतेस?"

"हो, टाकले," आई म्हणाली. "आई आहे मी. फास्ट बोलर नाही." मग माझ्या गालाकडे बघत म्हणाली, "तुझ्या तोंडावर टाकायला हात होत नाही गं माझा."

मला रडू आलं. रागाचं, भीतीचं, सगळंच. "मग मी खेळू कशी? मला भीती वाटते आई. खूप भीती वाटते." चेंडू लागल्यापासून कुणालाही बोलले नव्हते ते असं स्वयंपाकघराच्या दारात बाहेर पडलं.

दुसऱ्या सकाळी मी हेल्मेट घालून गादीसमोर उभी राहिले. आईने हात उचलला आणि चेंडू पुन्हा पुढेच पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पुढे. "टाक ना!" मी खेकसले. तेव्हा तिने सगळा जोर लावून चेंडू मध्येच आपटला. मला पुढचं काही दिसलं नाही, फक्त गादीवरचा धप्पकन आवाज ऐकू आला. डोळे उघडले तर समोर आईही आत्ताच डोळे उघडत होती.

"दिसला का?" तिने विचारलं.

"नाही. तुला?"

"मीपण मिटले होते."

मग पार्किंगमध्ये उभ्या उभ्या आमचा करार झाला. तू उघडे ठेव, मीही ठेवते. त्यानंतर काही मला लागले, बरेच चुकले. पण आई टाकत राहिली, ओठ घट्ट दाबून.

आई माझा एकही सामना कधी बघायची नाही. आधी स्कोअर विचारायची आणि मी धड असल्याचं कळलं की मगच टीव्ही लावायची. वाघोलीला मात्र ती आली.

माझी बॅटिंग आली. गोलंदाज विशीतली, दमदार, माझी सगळी हकिकत ठाऊक असलेली. पहिलाच चेंडू आखूड. तो टप्पा पडून उसळला आणि मला त्याची शिवण दिसली, एका बाजूची घासलेली लाल चमक दिसली. बॅटला उशीर झाला. चेंडू खांद्यावर बसला आणि मी कळवळले. पण लागेपर्यंत मी तो बघितला होता.

संघात माझं नाव आलं, ते नंतर. अजून खेळते, आणि अजून घाबरतेही. पण मला आठवतं ते हे, की खांदा चोळत मी बाहेर बघितलं तेव्हा आई पर्स टाकून धावत निघाली होती आणि सीमारेषेच्या दोरीपाशी येऊन थांबली होती. तिने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली. मी मान हलवली आणि पुन्हा गार्ड घेतला. पुढचाही आखूडच येणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आई दोरीपाशीच उभी राहिली आणि बघत राहिली.