तोंडात टाचण्या नसताना

गल्लीत सध्या एक अफवा जोरात आहे, की आजी आयुष्यात एकदाही खोटं बोलली नाही. बेकरीवाले काका ती रडत रडत पसरवतात, शाळेच्या मोठ्या बाई चष्मा पुसत पुसत पसरवतात. लहानपणी ज्याला आजीने 'इंजेक्शन मुळीच दुखत नाही' असं सांगून दवाखान्यात नेलं होतं, तो तिचा मुलगा, नातीचा मामासुद्धा मान डोलावतो.

साफ चूक. आजी रोज खोटं बोलायची. सकाळी शिलाई मशीनवरचं झाकण निघालं की तिचं खोटं सुरू, आणि संध्याकाळी झाकण पडलं की बंद. दुकानाच्या वेळा म्हणा हवं तर.

गळ्यात टेप, ओठांत टाचण्यांची रांग. काकांच्या पोटाभोवती टेप फिरवताना दोन्ही टोकं कशीबशी भेटायची, आणि आजी ओठ न हलवता त्या टाचण्यांमधून म्हणायची, "माप तेच आहे हो. जराही बदल नाही." मग कोट गुपचूप सैल शिवायची. काका खूश होऊन घरी जात आणि आनंदाच्या भरात आणखी एक पाव खात.

आजोबा परगावी कामाला गेले ते तिकडचेच झाले. तेव्हाही ती मुलांना कितीतरी वर्षं सांगत राहिली, "काम वाढलंय त्यांचं." टाचण्या तोंडात धरायची सवय तेव्हाचीच, असं तिची मुलगी, नातीची आई, सांगते. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला रडता येत नाही, गिळल्या गेल्या तर पंचाईत. पुढे एकदा बेकरीला आग लागली, तर काकांच्या सगळ्या बिऱ्हाडाला आजीने आतली खोली देऊन टाकली. "पलंगावर माझी कंबर धरते, मला लादीवरच बरं वाटतं," म्हणाली. काकांचं घर उभं राहीपर्यंत लादीवर झोपली, आणि कंबर धरली ती कायमचीच. म्हणूनच अख्खी गल्ली तिला 'आई' म्हणायची. तिच्याहून मोठे शेजारीही म्हणायचे, पोस्टमनही म्हणायचा. खऱ्या मुलांनी हाक मारली तर तिला आधी वर बघून खात्री करावी लागे.

हे सगळं नातीला पाठ होतं. घरात तिला 'रेडिओ' म्हणतात, कारण ती दिवसभर कुणा ना कुणाच्या आवाजात वाजत असते. काकांची धाप, मोठ्या बाईंचा 'शांतता, शांतता!', मामाचं फोनवरचं खास साहेबी 'हॅलो'. शाळेतून आली की मशीनच्या बाजूच्या स्टुलावर बसायची आणि आजीच्या गिऱ्हाइकांचा कान देऊन अभ्यास करायची. दुसरा अभ्यास फारसा नव्हता.

आजीचं गुपित तिनेच शोधून काढलं होतं. तोंडात टाचण्या असल्या की खोटं, तोंड मोकळं असलं की खरं. इतकं सोपं! गिऱ्हाइकांशी आजी टाचण्यांतून बोलायची. गिऱ्हाईक गेलं की टाचण्या काढून नातीला डोळा मारायची, "बघितलंस? दर वर्षी फुगतोय." अख्ख्या जगाला थापा, आणि हिला एकटीला खरं. नात त्या एका गोष्टीवर अशी ऐटीत चालायची, जणू खिशात राजवाड्याची किल्ली आहे.

शिवाय लाल टाका होताच. तिच्या जाकिटाच्या डाव्या खिशात, अस्तराच्या आत, आजीने लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घातला होता. "हा फक्त तुला. दुसऱ्या कुणाच्या कपड्यात मी असा घालत नाही. बोलू नकोस कुठे." तोंड मोकळं होतं. नातीने नीट बघून घेतलं होतं.

आजी गेली, आणि त्या रविवारी दुपारी गल्ली तिच्या दोन खोल्यांत मावेना. मशीनवर झाकण होतं. मशीनवर कुणी कप ठेवत नव्हतं, इतका मान होता. नात त्याच स्टुलावर बसली होती, हात डाव्या खिशात. लोक काय हवं ते बोलोत, तिच्याकडे तो टाका होता.

काकांनी घसा साफ केला. "एक सांगू का? कधी कुणाला बोललो नाही. आता ती गेली, तर बोलतो." आणि त्यांनी कोटाची खालची दुमड उलटी केली. आत लाल टाका. "म्हणाली होती, हा फक्त तुम्हाला."

नातीचा हात खिशातच घट्ट झाला.

मोठ्या बाईंनी बाहीचं टोक वळवलं. लाल टाका. "मला म्हणाली होती, 'बाई, तुमच्यासारखी तुम्हीच.'"

"अरे, थांबा थांबा," म्हणत मामा खुर्चीत वाकला आणि त्याने पँटची कड उलटी केली. नातीच्या आईने कॉलर उघडून भिंतीकडे तोंड करून बघितली. पोस्टमनने सगळ्यांसमोर टोपी काढून तिच्यात डोकावलं. बघता बघता सगळ्या खोलीचं अस्तर बाहेर आलं. कुणाचा खिसा लोंबतोय, कुणाची बाही कोपरापर्यंत उलटी.

आधी काका हसले. "म्हणजे मापाचंही तसंच की काय? मला तर ती म्हणायची, 'तुम्हालाच म्हणून सांगते, मोठ्या बाईंची कंबर दर वर्षी वाढते.'"

"असं?" मोठ्या बाई ताठ झाल्या. "मला तुमचं सांगायची! टाचण्या काढून! वर डोळा मारून!"

हशा असा उठला, की खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले. नात हसली नाही. टाका गेला तो गेला, पण तो डोळा? तोही वाटून टाकलेला? राजवाड्याच्या किल्ल्या अख्ख्या गल्लीच्या खिशात खुळखुळत होत्या, आणि मूर्खासारखं ऐटीत चालली होती ती एकटीच.

तेवढ्यात काका डोळे पुसत म्हणाले, "ए रेडिओ, आईचा आवाज काढ की गं एकदा. 'माप तेच आहे' एवढंच. मग आम्ही उठतो."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

आवाज तिला येत होता. टाचण्यांची डबी मशीनच्या फळीवर होती. तिने झाकण उघडलं, चार टाचण्या उचलल्या, ओठांपर्यंत नेल्या. आणि तिथेच तिला पैज आठवली.

याच स्टुलावर लावलेली. "तू मला फसवूच शकत नाहीस," नात म्हणाली होती. "मला कळतं."

"कसं गं कळतं?"

"ते नाही सांगणार. लाव पैज."

"लावली," आजी म्हणाली. "तू हरलीस तर एक अख्खा दिवस स्वतःच्या आवाजात बोलायचंस. कुणाची नक्कल नाही, काही नाही. बघू तरी कसा आहे तो."

"आणि तू हरलीस तर?"

आजीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या, ओठ पुसले. मग मोकळ्या तोंडाने, सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी हरलेच बाई. तू एकटीच आहेस, जिला मला फसवता येत नाही." आणि लगेच जाकीट ओढून घेऊन डाव्या खिशात तो लाल टाका घातला.

आपण जिंकलो, या आनंदात नातीने त्या दिवशी गल्लीभर आठ जणांच्या आवाजात दवंडी पिटली होती. पैज ती त्याच वाक्यात हरली होती, कारण मोकळ्या तोंडाचं ते वाक्यच थाप होतं, आणि आजी समोर बसून दोरा दातांनी तोडत होती.

नातीने टाचण्या डबीत परत टाकल्या.

"नाही काढणार," ती म्हणाली. "आज मला माझ्याच आवाजात बोलायचंय. पैज हरलेय."

"कुणाशी?" मामाने विचारलं.

"तिच्याशी. खोटारडी होती ती. एक नंबरची खोटारडी."

मामा रागवायला म्हणून उठला. पँटची कड अजून उलटीच होती. तो परत बसला. नातीचा आवाज घोगरा निघाला होता, मध्येच चिरकलाही होता. कुणासारखाच वाटत नव्हता. रात्री झोपेपर्यंत तिला तोच वापरायचा होता.